चमच्यांच्या ड्रॉवरमधलं बेचकं

ऑर्लिन होगेनच्या हातात कुठलंही जुनं हत्यार दिलं, की तो आधी त्याचा वास घ्यायचा. मग डोळे मिटून ते तळहातावर तोलायचा, अंगठा फिरवून कुठे झिजलंय ते चाचपायचा, आणि डोळे सगळ्यात शेवटी उघडायचा. बाहेरगावचा माणूस हे बघून गालातल्या गालात हसे. आमच्या लुंडबीतलं कुणी हसत नसे. डोळे उघडल्यावर ऑर्लिन जे सांगेल ते बरोबर असणार, हे गावाला पाठ झालं होतं. हा जुन्या ट्रकच्या चाकाची कडी उचकटायचा पाना. हे व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार, पण दांडा मूळचा नाही, तुटल्यावर कुणीतरी जोडलाय, आणि जोडणारा डावखुरा होता.

मोठ्या रस्त्यावरच्या गॅरेजात त्याने त्रेचाळीस वर्षं काढली होती. आता अठ्ठ्याहत्तरचा झाला होता. गुडघे कुरकुरत होते, पण हात शाबूत होते. स्वभावाने घुम्या. म्हणजे आमच्याकडच्या मानाने बोलकाच म्हणायचा. विस्कॉन्सिनच्या या टेकड्यांत नॉर्वेहून आलेल्यांची तिसरी-चौथी पिढी नांदते, आणि बायकोच्या गाडीचं ऑइल वेळेवर बदललं की प्रेमाचं सगळं सांगून झालं, अशी इथल्या पुरुषांची पक्की समजूत आहे. बायकांनीही ती धुसफुसत का होईना चालवून घेतली आहे. ऑर्लिनने बर्निसच्या गाडीचं ऑइल पन्नास वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं.

तो चिडायचा एकाच गोष्टीवर. कुणी हत्यार घासूनपुसून, चकाचक करून ओळखायला आणलं, की त्याचं डोकं फिरायचं. "अक्षरं पुसून कोरा कागद आणतोस, आणि म्हणतोस वाचून दाखव," असं म्हणून तो ते तसंच परत द्यायचा. मळ, गंज, चिकटलेलं ग्रीस, यातच हत्याराची सगळी हकिगत असते, असं त्याचं म्हणणं.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता चर्चच्या तळघरात जुन्या हत्यारांचं मंडळ भरायचं. दहा-अकरा म्हातारे, कॉफीचं मोठं भांडं आणि कुणाच्या तरी बायकोने करून दिलेले खजुराचे बार, म्हणजे भाजून कापलेल्या वड्या. ओळख न पटलेलं हत्यार मधल्या टेबलावर ठेवायचं आणि ते हातोहात फिरायचं. पण मंडळाची एक रीत होती. पहिली फेरी थापांची. प्रत्येकाने चेहरा गंभीर ठेवून त्या हत्याराबद्दल एक शुद्ध थाप मारायची, आणि जो हसेल त्याने सगळ्यांचे कप धुवायचे. मग दुसरी फेरी खरी. आणि खरी फेरी सुरू होईपर्यंत कुणी कुणाची थाप उघडी पाडायची नाही, हा नियम. मंडळात आजवर एकही बाई आली नव्हती, त्यामुळे हा नियम निम्म्या गावाला ठाऊकच नव्हता. ही गोष्ट अकरा म्हाताऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही, आणि सगळी भानगड तिथेच झाली.

एप्रिलच्या मंगळवारी आर्डिस फॉसे जपून एकेक पायरी उतरत तळघरात आली. शाळेत ती ऑर्लिनच्या एक वर्ग मागे होती. तिचा नवरा कर्मिट फेब्रुवारीत गेला होता. बत्तीस वर्षं दुधाचा ट्रक चालवलेला, कामाला वाघ, बोलायला दगड. तिने भांडी पुसायच्या फडक्यातून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली.

"हे आमच्या चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये होतं," ती म्हणाली. "पन्नास वर्षं. दोनदा मी उचलून बाहेर कर्मिटच्या हत्यारांत नेऊन ठेवलं, दोन्ही वेळा त्याने परत आणून चमच्यांत ठेवलं. हे आहे तरी काय, असं विचारलं की म्हणायचा, राहू दे. आता विचारायला तोच नाही. म्हटलं, तुम्हा लोकांना कळत असेल."

वीतभर लांबीचं लोखंड होतं. एका टोकाला आखूड, चपटं केलेलं बेचकं, दुसऱ्या टोकाला बारीक, वळवलेली चोच, मध्ये धरायच्या जागी काळी टेप गुंडाळलेली. घरी ठोकून केलेलं, हे उघड होतं. ते हातोहात फिरलं, आणि रीतीप्रमाणे थापा सुरू झाल्या.

मंडळाचा अध्यक्ष डेल्बर्ट मोए म्हणाला, "असं माझ्या आजोबांकडे होतं. थंडीत मिशीवर बर्फ जमला की खरवडायला."

त्याच्या शेजारचा म्हणाला, "छे, हे कोंबड्याचं. पहाटे फार लवकर आरवला तर मान धरून परत झोपवायला."

आर्डिस एकेकाकडे बघत होती. चांगल्या वळणाची बाई, तिने प्रत्येकाचं ऐकून मान डोलावली, पण दर थापेला तिचा चेहरा आणखी थोडा उतरत गेला. लोखंड फिरत फिरत शेवटी ऑर्लिनकडे आलं. त्याने वास घेतला. ग्रीसचा वास नव्हता, पेट्रोलचा नव्हता. हे कधी इंजिनाजवळ गेलेलंच नव्हतं. त्याने अंगठा फिरवला, डोळे उघडले, आणि त्याला काही म्हणजे काही सुचलं नाही. समोर आर्डिस बसली होती, पर्स दोन्ही हातांनी मांडीवर गच्च धरून. तिला जरा बरं वाटावं, एवढंच त्याच्या मनात होतं. थोडं असंही होतं की आपल्याला कळलं नाही हे झाकावं. दोन्ही खरं.

"आर्डिस, लग्नाआधी कर्मिट कुठली गाडी चालवायचा?"

"त्याच्या वडिलांची. काळी."

"पुढे एकच लांब सीट?"

"हो."

"मग बरोबर," ऑर्लिन म्हणाला. "हे सीटखाली लागतं. बेचकं बोल्टात अडकवायचं आणि ड्रायव्हरच्या पलीकडची, उजवी बाजू अर्धा इंच वर उचलायची. वरून काही दिसत नाही. पण वळण आलं की शेजारी बसलेली मुलगी आपोआप ड्रायव्हरकडे सरकते. ज्यांची बोलायला जीभ रेटत नसे अशी पोरं हे घरी बनवून घ्यायची."

कुणी हसलं नाही. डेल्बर्टने गालाला आतून चावा घेतला. आर्डिस कानांपर्यंत लाल झाली. मग ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"म्हणून मी सरकायची होय," ती म्हणाली. "मला वाटायचं रस्ताच वाकडा. अरे, त्या माणसाने मला जन्मात कधी काही बोलून दाखवलं नाही. आणि हे बघा, पन्नास वर्षं चमच्यांत जपून ठेवलंन."

तिने लोखंड फडक्यात गुंडाळलं, सगळ्यांचे आभार मानले, साडेनऊला केस सेट करायला जायचंय म्हणाली आणि पायऱ्या चढून गेली.

"अरे, थांबव तिला," डेल्बर्ट कुजबुजला.

"तू थांबव. अध्यक्ष तू आहेस," ऑर्लिन म्हणाला.

तोवर वरचं दार बंद झालं होतं. आयुष्यभर ट्रकखाली झोपून काम केलेली अकरा माणसं, पण त्या बाईच्या मागे जिना चढायची एकाचीही छाती झाली नाही. ऑर्लिनने उठून सगळ्यांचे कप धुतले, हसलं कुणीच नव्हतं तरी.

केस कापणाऱ्या बाईकडे खुर्चीत बसून सांगितलेली गोष्ट लुंडबीत जेवणवेळेपर्यंत पोस्टात पोचते. रविवारी चर्चमधून निघताना बायका नवऱ्यांना कोपरं मारत होत्या. "बघ, कर्मिटसारखा मुका माणूससुद्धा काहीतरी करायचा," असं. आर्डिस लग्नातल्यासारखी दिसत होती. ऑर्लिनने स्वतःची समजूत घातली, की कुणाचं काही वाईट झालेलं नाही, बाई सुखात आहे, आपण कशाला तोंड उघडा. उन्हाळा आला की लोक विसरतील.

मेच्या पहिल्या सोमवारी बर्निस चर्चच्या बायकांबरोबर गोधड्या शिवून घरी आली आणि जेवताना म्हणाली, "ऐकलंस का, आर्डिस कर्मिटच्या थडग्याच्या दगडावर ते हत्यार कोरून घेतेय."

"काय?"

"लोक ट्रॅक्टर कोरतात, हरणं कोरतात. ती म्हणते, मला हेच हवं. त्याच्या आणि माझ्या नावाच्या मधोमध. येत्या शुक्रवारी दगडवाला कोरायला घेतोय. महिनाअखेरच्या मेमोरियल डेच्या आत उभा करायचाय म्हणे."

ऑर्लिनने काटा खाली ठेवला. "ते सीटचं नाहीये."

"म्हणजे?"

"थाप होती. मंडळातली."

बर्निसनेही काटा खाली ठेवला. "मग कशाचं आहे?"

"मला माहीत नाही."

हत्याराच्या बाबतीत हे तीन शब्द तिने नवऱ्याच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदा ऐकले. ती काही लागट बोलणार होती, ते तिने गिळलं. "जाऊन सांग तिला."

"कुठल्या तोंडाने सांगू?"

"आहे तेच घेऊन जा. दुसरं कुठून आणणार?"

पण नुसतं खोटं होतं असं सांगायला जायचं, आणि खरं काय ते हातात नाही, हे त्याच्या जिवाला पटेना. दोन दिवस तो गॅरेजातल्या जुन्या सूचीपत्रांचे गठ्ठे घेऊन बसला. आठवेल तसं चित्र काढलं, पानामागून पान उलटलं. इंजिनाची हत्यारं पाहिली, ब्रेकची, चाकांची, गिअरची. काही जुळेना. झोपेतही त्याचा अंगठा चादरीवर फिरत होता, असं बर्निस सांगते. गुरुवारी सकाळी त्याने दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला आणि बर्निसने दिलेले खजुराचे बार घेऊन आर्डिसकडे गेला.

आर्डिसने कॉफी ओतली. बटाट्याच्या पातळ पोळ्यांना, म्हणजे लेफ्साला, लोणी-साखर लावून गुंडाळ्या पुढे ठेवल्या. ऑर्लिन पावसाबद्दल बोलला. मक्याच्या पेरणीबद्दल बोलला. पुन्हा पावसाबद्दल बोलला.

"ऑर्लिन," तिसरा कप भरत ती म्हणाली, "पंचवीस वर्षांत तू या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाहीस. पावसाचं सांगायला आलेला नाहीस."

मग त्याने सांगितलं. थापांची फेरी, कप धुवायचा नियम, सगळं. मान वर न करता, टेबलाच्या कडेशी बोलल्यासारखं.

"सगळ्यांना माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"अकराच्या अकरा जणांना?"

"हो."

"आणि तसंच मला केस करायला जाऊ दिलंत."

आर्डिस साखर न घातलेली कॉफी ढवळत बसली.

"म्हणजे सीट कलती नव्हती."

"नाही."

"मग मी सरकत कशी होते?"

ऑर्लिनने नाइलाजाने वर पाहिलं. "तुलाच सरकायचं असेल."

ती एप्रनमध्ये तोंड लपवून हसली. पण ते हसू मध्येच कुठेतरी संपलं. "मला कोरीवकामाची हौस नाही रे," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणून त्या माणसाने एक तरी गोष्ट मनात धरून ठेवली होती, असं महिनाभर वाटत होतं. एवढंच हवं होतं मला." ती उठली, चमच्यांचा ड्रॉवर उघडला आणि ते लोखंड त्याच्यापुढे ठेवलं. "उद्या दगडवाला छिन्नी लावणार आहे. आता नीट बघ. खरं काय ते कळल्याशिवाय आज इथून उठायचं नाही."

ऑर्लिनने चष्मा काढला. पुन्हा वास घेतला, पुन्हा डोळे मिटले. गवत ओढायच्या दाताळ्याचा दात आहे, तापवून ठोकलेला, हे पहिल्याच वेळी कळलं होतं. झीज फार नाही, दोन-चार वेळाच वापरलं असेल. घाईत केलंय. कानशीचे ओरखडे तसेच आहेत, आणि कर्मिट तर कामाला टापटीप माणूस. मग त्याचा अंगठा बेचक्याच्या बुडाशी थांबला. तिथे गंजात काहीतरी मऊ अडकलं होतं. तो खिडकीशी गेला. केसाएवढे बारीक, करडे-हिरवट धागे. बरं झालं, या बाईने हे कधी घासलं नव्हतं. लोकर होती ती. जुन्या गाड्यांच्या दारांना आतून जे कापड लावलेलं असे, त्याची.

इंजिनाजवळ कधी न गेलेलं हत्यार. सूचीपत्रात तो उगीच इंजिनाची पानं चाळत बसला होता.

"हे दाराचं आतलं हँडल काढायचं आहे," तो म्हणाला. "हँडलच्या मागे एक छोटी कडी असते, घोड्याच्या नालासारखी. बेचकं कापडावरून मागे सरकवायचं आणि ढकलायचं, कडी सुटते, हँडल हातात येतं. ही चोच कडी ओढून घ्यायला. बाजारातलं पत्र्याचं असतं, पातळ, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. आर्डिस, तुमच्या कुठल्या गाडीचं दाराचं हँडल कधी काढलं होतं?"

"काढलं नाही. तुटली होती," आर्डिस म्हणाली. "हिरव्या गाडीची. मागच्या दोन्ही दारांची. पार्ट मिळत नाही म्हणाला, चार-पाच वर्षं तशीच चालवली. आमची लव्हॉन लहान होती, एकटी मागे बसायची. कुठेही पोचलं की हा उतरायचा, गाडीला वळसा घालायचा आणि बाहेरून तिचं दार उघडायचा. बर्फात, पावसात. मी म्हणायची, किती आळशी असावं माणसाने, एक हँडल बसवत नाही."

ऑर्लिन खुर्चीत परत बसला. "ती हँडलं माझ्या मागच्या फळीवर डबाभर पडली होती. कर्मिटने कधी मागितली नाहीत."

"कधीच नाही?"

"हे हत्यारही मागायला आला नाही. माझ्या भिंतीला टांगलेलंच असायचं, सगळं गाव न्यायचं. त्याने मात्र घरी शेगडीत लोखंड तापवून केलं. मागितलं असतं तर मी विचारलं असतं, कशाला. आणि मला दहाला कळलेलं बर्निसला बाराला कळतं."

"आणि बर्निसला कळलेलं मला," आर्डिस सावकाश म्हणाली. ती भिंतीवरच्या फोनपाशी गेली आणि तिने ड्युलूथला लेकीकडे फोन लावला.

"लव्हॉन, मी बोलतेय. हिरव्या गाडीची मागची हँडलं कशाने गेली गं?"

मग आर्डिस "हं" म्हणाली. पुन्हा "हं". मग तिने हाताने चाचपत खुर्ची ओढली आणि बसली. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने जे सांगितलं ते असं.

लव्हॉन चार वर्षांची होती. त्या शरद ऋतूत आर्डिसचं तान्हं मूल गेलं होतं, आणि नाताळ उलटून गेला तरी ती अंथरुणातून उठत नव्हती. अशात एकदा कर्मिट लव्हॉनला आजीकडून घरी आणत होता. त्या गाडीची मागची दारं उलट्या बाजूने उघडायची, बिजागऱ्या मागे. पोर हँडलशी खेळत होती. डेअरीच्या वळणावर दार सुटलं, वाऱ्याने ते ओढून नेलं आणि पोर बाहेर गेली. रस्त्याकडेला बर्फाचा ढीग लावलेला होता, त्यात पडली. कर्मिटने धावत जाऊन तिला ओढून काढली आणि तिथेच रस्त्यात बसून, तिला कोटात धरून, तो मोठ्याने रडला. मग म्हणाला, आईला सांगायचं नाही. आई आता आणखी काही ऐकू शकणार नाही. पोरीने कबूल केलं. हँडलं त्याने त्याच रात्री उतरवली, आणि पोरीने बाप मेल्यावरही शब्द पाळला.

"लागलं नव्हतं म्हणते," आर्डिस म्हणाली. "खरचटलंसुद्धा नाही म्हणते."

ऑर्लिनने ते लोखंड अलगद टेबलावर ठेवलं. कर्मिटला तो सत्तर वर्षं ओळखत होता, म्हणजे ओळखतो असं समजत होता. त्याला वाटलं, हे लोखंड हातात धरायची आपलीच लायकी नव्हती.

"मूर्ख माणूस," आर्डिस म्हणाली. "मूर्ख, मूर्ख माणूस. अरे, मी एक दिवस ओरडले असते. फार तर दोन दिवस. मग संपलं असतं. हा पन्नास वर्षं रोज सकाळी चमचा घ्यायला ड्रॉवर उघडायचा आणि ते बघायचा. मुद्दाम ठेवलं होतं तिथे, रोज दिसावं म्हणून. आणि मी त्याला आळशी म्हणत होते."

ऑर्लिनने विचारलं, "मी दगडवाल्याला फोन करू? कोरू नको म्हणून सांगतो."

"नको. कोरू दे."

"मग गावाला खरं काय ते सांगायला हवं."

"काही सांगायचं नाही. तो ज्याची लाज वाटून पन्नास वर्षं मुका राहिला, ते मी त्याच्या दगडावर गावासाठी मांडून ठेवू? लोकांना सीटचं माहीत आहे, तेच राहू दे. येतील, बघतील, हसतील. हसू देत. मला माहीत आहे, तेवढं पुरे."

"आर्डिस, ते खोटं आहे," ऑर्लिन कळवळून म्हणाला. "मी आजवर एकाही हत्याराचं खोटं नाव ठेवून दिलं नाही. आणि हे तर दगडात."

"तुझं नाव नाही कोरत मी. आणि थाप तू मारलीस, तूच सांभाळ."

तो सांभाळत राहिला. पुढच्या मंगळवारी डेल्बर्ट त्याला म्हणाला, "त्या फॉसेच्या हत्याराची खरी फेरी राहिलीच की रे." ऑर्लिन "राहिली तर राहिली" म्हणाला आणि कॉफी ओतायला उठला. दुकानात, पोस्टात, कुणीही खांद्यावर थाप मारून सीटचं विचारलं, की तो "हं" म्हणायचा. त्याने बर्निसलाही सांगितलं नाही, आणि त्या दोघांच्या संसारात ही फार मोठी गोष्ट होती. तिने दोनदा विचारलं, मग चेहरा बघून सोडून दिलं.

मेमोरियल डेला सगळं गाव फुलं घेऊन टेकडीवरच्या दफनभूमीत जातं. फॉसेंचा दगड नवाकोरा, करड्या ग्रॅनाइटचा. आमच्याकडे मागे राहिलेल्याचंही नाव आधीच कोरून ठेवतात; त्या दोन नावांच्या मधोमध ते बेचकं कोरलेलं, चोचीसकट, फार सुबक. माणसं थांबत होती, एकमेकांना डोळे मारत होती, पुढे जात होती. एकाने आपल्या बायकोला जवळ ओढून काहीतरी सांगितलं आणि तिने लाजून त्याला चापट मारली. आर्डिस सगळ्यांना हसून मान डोलावत उभी होती. शेजारी लव्हॉन, ड्युलूथहून आदल्या दिवशी आलेली. पंचावन्न वर्षांची, केस पांढरे झालेली, तिथल्या शाळेची मुख्याध्यापिका.

गर्दी पांगल्यावर आर्डिसने ऑर्लिनला हाताने खूण करून जवळ बोलावलं. मग ती दगडाकडे वळली, कमरेवर हात ठेवला आणि बोलायला लागली. इंग्रजीत नाही. लहानपणी घरात बोलायचो त्या नॉर्वेजियनमध्ये, जी आता आमच्यात पाच-सहा म्हाताऱ्यांनाच समजते.

"कर्मिट फॉसे, तुला अक्कल आहे का? पोर मागे बसलीय, दार नीट लागलंय का बघता येत नाही? डोळे कुठे होते तुझे? आणि वर मला सांगायचं नाही? मी काय काचेची होते? मी तिची आई आहे. मला सांगायला नको? एवढी वर्षं एकटा उरावर घेऊन बसलास, मेल्या. एकदा बोलला असतास."

ती पाच मिनिटं बोलत होती, चांगल्या चढ्या आवाजात. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, बिचारीला दुःख आवरत नाहीये. ऑर्लिन टोपी हातात घेऊन उभा होता. त्याला शब्दन् शब्द समजत होता. आपणही शिव्या खातोय असं वाटून त्याने मान खाली घातली होती. शेवटी तिला दम लागला. तिने रुमालाने तोंड पुसलं.

"झालं," ती दगडाला म्हणाली. "आता संपलं."

मग ती लेकीकडे वळली. "लागलं होतं का गं तुला?"

लव्हॉन नाही म्हणणार होती. ओठ तसे उघडलेही होते. मग म्हणाली, "गुडघा दुखत होता, आई. बरेच दिवस. पण सांगायचं नव्हतं ना."

"कुठला?"

"हा. उजवा."

आर्डिसने हातातली फुलं ऑर्लिनकडे दिली, दगडाचा आधार घेत सावकाश खाली वाकली, आणि लेकीचा गुडघा दोन्ही हातांनी चोळायला लागली.